कवडसा विकत घेताना

खटाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणारी आमची एक जुनी विद्यार्थिनी गेल्या हिवाळ्यात फोनवर म्हणाली, "सर, मुलांना आकाशदर्शन घडवायचंय. बोटानं दाखवून तारा कळत नाही. हिरवा लेझर कोणता घेऊ?" हा प्रश्न खरे तर भौतिकशास्त्राच्या माणसाला विचारायचा. पण माझ्या वर्गात बसून गेलेल्यांना ठाऊक आहे की मराठीच्या या मास्तराच्या खिशात खडू नसला तरी एखादा डायोड असायचाच. मी तिला म्हटले, "लगेच घेऊ नकोस. दोन दिवस दे, सविस्तर लिहून पाठवतो." त्या दोन दिवसांचे दोन महिने झाले. लिहायला बसलो की खरेदीच्या सूचना बाजूला राहत आणि भलतेच काही कागदावर उतरू लागे. अखेर तेच इथे देत आहे. सूचना त्यात अधूनमधून येतीलच.

माझा हा नाद मुळात लेसरचा नव्हे, कवडशाचा. साताऱ्यात आमच्या घराला कौले होती आणि माजघरावरच्या कौलांत एक काचेचे. दुपारी त्यातून उतरणारा उजेडाचा खांब आणि त्यात तरंगणारी धूळ पाहत मी पुष्कळ वेळ वाया घालवला आहे. फुटक्या आरशाचा तुकडा हाती आला की खरा खेळ सुरू होई. समोरच्या भिंतीवर, शेजारच्या खिडकीत, वर्गात गुरुजींच्या टोपीवर कवडसा पाडायचा. आपण इथे आणि आपली खोडी तिथे, एवढाच त्या खेळातला आनंद. हात न लावता दूरच्या वस्तूला स्पर्श करता येतो, हे त्या वयात फार मोठे वाटते. गुरुजींनी मला ओळखले तेही कवडशाच्या उलट वाटेने. उजेड ज्या रेषेने गेला त्याच रेषेने त्यांची नजर परत आली आणि माझ्या बाकावर थांबली. प्रकाशशास्त्राचा तो पहिला धडा, त्याची फी दोन छड्या.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, नव्वदीचे दशक संपता संपता, राजवाड्यासमोरच्या एका पदपथावर किल्लीच्या साखळीला अडकवलेला बोटाएवढा लेसर मिळाला. पितळी नळी, आत तीन बटनसेल, आणि पुढे लावायच्या चार-पाच टोप्या. एक टोपी लावली की भिंतीवर बदाम, दुसरी लावली की कवटी. तरुण प्राध्यापकाला शोभणारी ती खरेदी नव्हती. मी ती घरी आणली तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी आयुष्यभर नकाशावर लाकडी छडीने नद्या दाखवल्या होत्या. त्यांनी तो लाल ठिपका भिंतीवर, छतावर, मग रस्त्यापलीकडच्या घरावर फिरवला आणि शेवटी अजिंक्यताऱ्याकडे रोखला. किल्ल्यावर काही दिसले नाही. "पोचत नसेल," ते म्हणाले. पोचत होता, पण अशा स्वस्त पॉइंटरची शलाका दर किलोमीटरमागे मीटरभर किंवा त्याहून अधिक पसरते, आणि एवढासा उजेड एवढ्या जागेवर सांडला तर डोळ्यांना काय दिसणार? हे मला तेव्हा माहीत नव्हते. मीही "पोचत नसेल" असेच म्हणालो.

या वस्तूच्या जन्माची तारीख मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपी आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे. आणि थिओडोर मेमनने कॅलिफोर्नियातल्या ह्यूज प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून पहिली लेसर शलाका काढली ती १६ मे १९६० ला. राज्यापेक्षा लेसर पंधरा दिवसांनी धाकटा. ती माणकाची कांडी लाल उजेड देई, ६९४ नॅनोमीटरचा. १९६२ साली अमेरिकेत अर्धसंवाहकाच्या कणातून लेसर निघाला. तोच आजच्या डायोडचा पूर्वज. रॉबर्ट हॉलचा तो डायोड द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीतच चाले आणि तोही क्षणाक्षणाच्या स्पंदांनी. नेहमीच्या तापमानात अखंड तेवणारा डायोड व्हायला १९७० साल उजाडले. त्या कामाशी निगडित असलेल्या अल्फेरॉव्ह यांना नोबेल मिळाले २०००मध्ये, म्हणजे त्यांच्या कामाची पोरे पदपथावर साखळीला लटकून विकली जाऊ लागल्यावर. भारतातला पहिला लेसरही डायोडचाच. १९६४ मध्ये तो ट्रॉम्बेला, ज्याला आज आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो तिथे, तयार झाला. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर सिद्ध करणारे चंद्रकुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९५८ चे पदवीधर. नीरेच्या पलीकडचा माणूस. आम्ही सातारकर त्यांना जवळजवळ आपलेच समजतो. आज सांगलीत अॅक्रिलिकच्या पाट्या नि लग्नपत्रिकांवरची नक्षी कापणारी जी यंत्रे घरघरतात, त्यांच्या पोटात पटेलांचाच अदृश्य किरण असतो.

नावाबद्दल दोन शब्द, कारण वाचक साहित्याचे आहेत. वाईच्या विश्वकोशाने 'लेसर' असे रूप ठेवले, बाजार 'लेझर' म्हणतो. डायोडला परिभाषेत 'द्विप्रस्थ' असा शब्द आहे आणि तो मी वर्गाबाहेर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन द्विप्रस्थ मागितला तर दुकानदार पुस्तकांच्या गल्लीकडे बोट दाखवील. मी लेसर आणि डायोड असेच लिहीन.

नोकरीनिमित्त सांगलीला आलो आणि हा नाद गंभीर झाला. कारण साधे होते. महाविद्यालयात नवा प्रोजेक्टर आला, आणि चर्चासत्रात पडद्यावरच्या ओळी दाखवायला लाल पॉइंटर मिळाला. पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली, जी अध्यापकांनी जरूर ध्यानात घ्यावी: पॉइंटर सभागृहाला वक्त्याच्या हाताचा कंप दाखवतो. मनगटात जी थरथर कोणाच्या ध्यानी आली नसती, ती पंधरा हातांवरच्या पडद्यावर वीतभर होते. मी कोपर शरीराला टेकवायला शिकलो, ओळीखाली एकदा रेघ ओढून बटन सोडायला शिकलो. ठिपका शब्दाभोवती गरगर फिरवत राहणारे वक्ते असतात; त्यांचे भाषण संपेपर्यंत श्रोत्यांना घेरी येते. आणि समीक्षेतही असे पुष्कळदा होतेच. असो.

वर्गात वापरायचा पॉइंटर लाल असावा, एक मिलिवॉटच्या आतला असावा आणि त्यावर 'वर्ग २' असे छापलेले असावे. हा आकडा मनाचा नाही. लखलखीत उजेड डोळ्यांत गेला की पापणी साधारण पाव सेकंदात मिटते किंवा मान वळते. तेवढ्या वेळात एक मिलिवॉट दृश्य प्रकाशाने दृष्टिपटलाला इजा होत नाही, या हिशेबावर ती वर्गवारी बेतलेली आहे. पाच मिलिवॉटपर्यंत 'वर्ग ३ आर', पाचशेपर्यंत '३ बी', त्यापुढे '४'. ३ बीपासून पुढे पापणीवर भिस्त ठेवता येत नाही, आणि चौथ्या वर्गात तर भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणेही धोक्याचे असू शकते. लालमध्येही ६५० नॅनोमीटरपेक्षा ६३५चा डोळ्याला अधिक उजळ दिसतो, म्हणून तेवढ्याच शक्तीत काम भागते. दुकानदार मिलिवॉट जास्त म्हणजे माल चांगला असे सांगतो. मिरची जास्त म्हणजे रस्सा चांगला असे सांगण्यासारखेच ते, आणि आमच्या भागात तेही खपते.

विकत घेण्यातून मन भरेना तेव्हा मी उघडून पाहण्याकडे वळलो. जुन्या बाजारातून बिघडलेले डीव्हीडी रायटर आणायचे आणि त्यातला लाल डायोड काढायचा, हा त्या काळी जगभरच्या हौशी मंडळींचा धर्मच होता. पेन्सिलीच्या रबराएवढी धातूची डबी, तिला तीन पाय, आणि आत खसखशीच्या दाण्याहून लहान स्फटिक. पहिला डायोड मी पाहताक्षणी मारला. हिवाळ्याची कोरडी हवा, अंगात लोकरी स्वेटर. बोटातून स्थिरविजेची एक ठिणगी गेली आणि काम झाले. तेव्हापासून डायोडला हात लावण्यापूर्वी नळाला हात लावतो. घरच्यांना तो सोवळ्याचा प्रकार वाटे. दुसरा डायोड सरळ बॅटरीला जोडून मारला. डायोड तापला की तेवढ्याच दाबाला अधिक प्रवाह ओढतो, अधिक ओढला की अधिक तापतो, आणि या चढाओढीत स्वतःचेच तोंड वितळवून घेतो. त्याला दाब मोजून देऊन भागत नाही, प्रवाह बांधून द्यावा लागतो. एलएम ३१७ नावाची तीन पायांची एक स्वस्त चकती आहे. तिच्या दोन पायांत सव्वा व्होल्ट कायम राहतो, म्हणून मध्ये साडेबारा ओहमचा रोध घातला की शंभर मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जात नाही. हे गणित मला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांनी शिकवले. विभागप्रमुखांनी आधी सूत्र लिहून दिले होते. परिचरांनी थेट रोध काढून हातावर ठेवला.

प्रवाह हळूहळू वाढवत गेले की डायोड आधी नुसता मिणमिणतो, तांबूस, निरुपद्रवी. मग एका ठरावीक उंबरठ्यावर तो एकाएकी पेटतो. भिंतीवरचा उजेड दाणेदार, किरकिरीत दिसू लागतो. ते दाणे म्हणजे लेसरची खूण. सगळ्या लाटा एका पावलाने चालत असल्यामुळे भिंतीच्या बारीक खडबडीतून परतताना त्या एकमेकींना कुठे उचलून धरतात, कुठे पुसून टाकतात. डोके हलवले की दाणेही हलतात. हा उंबरठा मी विद्यार्थ्यांना अनेकदा दाखवला आहे, आणि प्रतिभेच्या व्याख्येसाठी त्याचे रूपक वापरण्याचा मोह दरवेळी आवरला आहे. एक मात्र सांगतो: जळालेला लेसर डायोड पुष्कळदा विझत नाही. तो पूर्वीसारखा मिणमिणत राहतो, फक्त उंबरठा ओलांडत नाही. अनेक महिने मला वाटे की माझीच जोडणी चुकते आहे.

आता हिरव्याकडे येतो, कारण प्रश्न त्याचा होता. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा उजेड ६५०च्या लालपेक्षा डोळ्याला सुमारे आठपट तेजस्वी भासतो, आणि रात्री हवेतल्या धुळीवरून त्याची रेघ थेट ताऱ्यापर्यंत गेल्यासारखी दिसते. आकाशदर्शनवाले त्याच्या प्रेमात पडतात ते उगाच नव्हे. पण पुष्कळशा स्वस्त हिरव्या पॉइंटरांत हिरवा डायोड नसतोच. आत असतो ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४चा पूर्ण अदृश्य किरण निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची लहर निम्मी करून हिरवा बनवतो. यात शेवटी एक गाळणी हवी, जी उरलेला अवरक्त अडवील. ती काही पैशांसाठी वगळली की हिरव्या रेघेबरोबर न दिसणारी दुसरी रेघ बाहेर पडते. २०१० मध्ये अमेरिकेच्या प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने असाच एक स्वस्त पॉइंटर तपासला, तर तो जवळजवळ वीस मिलिवॉट अवरक्त ओकत होता. पापणीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर मोजले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के सुरक्षेच्या नियमात नापास झाले. छापील आकडा एक आणि खरा दुसराच. एके वर्षी डिसेंबरात यवतेश्वरच्या पठारावर माझा हिरवा पॉइंटर थंडीने मलूल झाला. ८०८चा डायोड गारठला की त्याची लहर सरकते आणि स्फटिकाशी त्याचे जुळेनासे होते. मी तो काखेत धरून ऊब देत होतो आणि हसत होतो. त्याच नळीतून आणखी काय बाहेर पडत असेल, हा विचार त्या रात्री मनाला शिवला नाही.

अलीकडे ५२० नॅनोमीटरचे खरे हिरवे डायोड मिळतात. घ्यायचाच तर तो. जांभळा, ४०५चा, शक्यतो घेऊ नये. तो डोळ्याला मंद दिसतो, म्हणून माणूस त्याला दुबळा समजतो. निळा, ४५०चा, २०१०च्या सुमारास प्रोजेक्टरांतून उपसून काढला जाऊ लागला आणि तिथून हौसेचे रूप पालटले. कागद जाळणे, फुगे फोडणे. त्या वाटेला मी फारसा गेलो नाही. चष्म्याबद्दल एवढेच, की रंगीत काच म्हणजे संरक्षण नव्हे. त्यावर कोणत्या नॅनोमीटरला किती घनता ते लिहिलेले हवे. घनता चार म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येणार. लाल चष्मा लालला अडवत नाही, हे इतके उघड आहे की पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

माझा हा नाद घरात एकाच माणसाने उचलला, बहिणीच्या मुलाने. कराडजवळ त्यांचे घर. सुट्टीत तो सांगलीला येई आणि माझ्या टेबलाशी बसून डाग देई. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. आठवीत असताना मी त्याला एक हिरवा पॉइंटर दिला. त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीत पाचपेक्षा कमी मिलिवॉट लिहिले होते, आणि छापील अक्षरावर विश्वास ठेवणे हा माझा व्यवसाय. पुढे शिक्षणात त्याचे मन रमले नाही. काही वर्षे तो सांगलीत पत्रिका कापणाऱ्या एका दुकानात राहिला. तिथले यंत्र झाकणबंद. झाकण उघडले की किरण आपोआप बंद. मग त्याने स्वतःचा धंदा टाकला, मिरवणुकांना आणि लग्नांना प्रकाशयोजना भाड्याने देण्याचा. सांगली ही विष्णुदास भाव्यांची नगरी. १८४३मध्ये इथे मराठी रंगभूमीचे पहिले नाटक झाले. मी त्याला चेष्टेने म्हणे की रंगमंचाच्या उजेडाची परंपरा तू चालवतो आहेस. त्याला ते आवडे.

साथीच्या दोन वर्षांत धंदा बुडाला. २०२२चा गणेशोत्सव निर्बंधांशिवाय होणार असे जाहीर झाले, तेव्हा त्याने कर्ज काढून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग एकत्र सोडणारे लेसरचे यंत्र घेतले. आत दोन इवलेसे आरसे असतात, एक आडवा हलणारा आणि एक उभा. ते इतक्या वेगाने थरथरतात की एकच किरण धुरात पंखा, भिंत, बोगदा काढतो. मोठ्या कार्यक्रमांत असे यंत्र उंच बांधून किरण माणसांच्या डोक्यांवरून काढण्याची रीत आहे. अमेरिकेतला नियम प्रेक्षक उभे असतात त्या जमिनीपासून तीन मीटरचा. मिरवणुकीत ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर असते, म्हणजे नाचणाऱ्यांच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या आयाबायांच्या डोळ्यांच्या पातळीत; आणि रस्ता आपला. आरसे हलत आहेत तोवर किरण डोळ्यावरून निसटून जातो. आरसे अडकले आणि किरण चालू राहिला, तर तो सगळा एका बिंदूत येतो. चांगल्या यंत्रात अशा वेळी किरण तोडणारी सोय असते. त्याच्या यंत्रात ती होती की नाही, हे मी विचारले नाही. मी त्याला रंगांच्या मिश्रणाबद्दल विचारले.

विसर्जनाच्या आदल्या रात्री शेडमध्ये तो यंत्राचा कोन बघायला समोर गेला आणि मागे लॅपटॉपवर बसलेल्या जोडीदाराने यंत्र सुरू केले. आरसे अजून जागे झाले नव्हते. "काजवा चमकला, बास," असे त्याने पुढे सांगितले. दुखले नाही, कारण दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. डोळ्याचे भिंग समांतर शलाका एका बिंदूत गोळा करते; बुबुळावर येणारी तीव्रता पटलावर पोचेपर्यंत सुमारे लाखपट होते. ज्या गुणासाठी डोळा एवढा नावाजला जातो, तोच इथे नडतो. तो दुसऱ्या दिवशी रात्रभर मिरवणुकीत उभा राहिला आणि मग तीन आठवडे गप्प बसला. मोटारसायकलवरून जाताना डावा डोळा धुळीने मिटला, आणि समोरचा मैलाचा दगड दिसेना, तेव्हा माझ्याकडे आला.

मिरजेला नेले. मिरज हे दवाखान्यांचे गाव; अशा वेळी सातारा-सांगलीकडच्या माणसाची पावले आपोआप तिकडे वळतात. डॉक्टरांनी चौकटीचौकटीचा एक कागद त्याच्या पुढे धरला, मध्ये एक ठिपका, आणि विचारले, "रेघा सरळ दिसतात?" तो म्हणाला, "मधल्या आत ओढल्यात. मधे भोक हाय." डाव्याने पाहिल्यावर त्या सरळ होत्या. उजव्या डोळ्याच्या पीतबिंदूवर जखम होती. ती थोडीफार भरेल, पूर्ण नाही, असे डॉक्टर म्हणाले, तसेच झाले.

घरी आल्यावर त्याने टेबलावरचे वर्तमानपत्र उचलले आणि डावा डोळा हाताने झाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मामा, शब्दाच्या मधलं अक्षर जातंय. सातारा आहे का हे? मला सारा दिसतंय." शिरोरेषाही तेवढ्यापुरती तुटते का, असे मी विचारले. हा प्रश्न मला त्या क्षणी कसा सुचला, याची आजही लाज वाटते. "तुटत न्हाई," तो म्हणाला. "मधलं कोरं बी दिसत न्हाई. नसतंच तिथं काही." चाळीस वर्षे अक्षरे वाचण्यावर पोट भरलेल्या माणसासमोर त्याने हे सांगितले, आणि मग, कसलाही आकस न ठेवता, "पण तुम्हीच शिकवलं म्हणून निदान काय झालंय ते कळलं तरी."

२०२३च्या विसर्जनानंतर नाशिक-पुण्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी तरुण रुग्णांच्या दृष्टिपटलावर लेसरच्या जखमा आढळल्याचे सांगितले, आणि पुढच्या वर्षांत ठिकठिकाणी उत्सवापूर्वी लेसरबंदीचे आदेश निघू लागले. मी या विषयावर वाचत सुटलो होतो. त्यात कळले की माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेले लेसर शस्त्र युद्धातसुद्धा निषिद्ध आहे. १९९५ साली व्हिएन्नात तसा करार झाला आणि १९९८ पासून तो अमलात आहे. हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "आमचं शस्त्र नव्हतं की, मामा. आमची शोभा होती."

यंत्र त्याने विकले. कर्जाचे हप्ते होते. घेणारा पलीकडच्या तालुक्यातला, त्याच्यासारखाच तरणा पोरगा. मी तेव्हा कराडलाच होतो. भाच्याने लेन्स मऊ कापडाने पुसली, आरसे हलतात ते दाखवले, "समोर उभा राहू नको" असे दोनदा सांगितले. स्वतःच्या डोळ्याचे सांगितले नाही. सांगितले असते तर किंमत पडली असती. मीही सांगितले नाही. नोटा मोजून द्यायला त्याने माझ्याकडे दिल्या, कारण मी मामा, वडीलधारा. मी त्या दोनदा मोजल्या.

आता तो साधे एलईडी दिवे भाड्याने देतो. त्याने एक गोष्ट मात्र नवी घेतली आहे: किरणाची शक्ती मोजणारा मीटर. गावोगावची पोरे कुतूहलाने आपापले पॉइंटर आणतात, तो मोजून देतो, पैसे घेत नाही.

खटावच्या बाई मागच्या रविवारी सांगलीला आल्या. माझ्या पत्राची वाट पाहून त्यांनी मधल्या काळात पॉइंटर घेऊनच टाकला होता. शाळेत चाळीस मुले वाट पाहत होती. योगायोगाने भाचा आलेला होता. मी माझे नियम सांगितले: पॉइंटर एकाच मोठ्या माणसाच्या हाती, मुलांच्या हाती कधीच नाही, सगळे मागे, शलाका पुढे आणि वर, विमानाचा दिवा दिसला की बटन सोडायचे, रेघ ओढून झाली की सेल काढायचे. त्या वहीत लिहून घेत होत्या. भाच्याने मीटर टेबलावर ठेवला, पॉइंटर चिमट्यात धरून त्याचे तोंड मीटरकडे केले, आम्हाला मागे सरकायला सांगितले आणि बटन दाबले. मग उजवा डोळा मिटून आकडा वाचला. चिठ्ठीवर पाच होते. मीटरवर अडतीस.

"मग हा परत देऊ दुकानदाराला?" बाईंनी विचारले.

"परत दिला तर तो दुसऱ्याला विकंल," भाचा म्हणाला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने विचारले, "केवढ्याला घेतला, ताई?"

"साडेचारशे."

त्याने खिशातून साडेचारशे रुपये काढून त्यांच्या वहीवर ठेवले. बाई नको नको म्हणत राहिल्या. त्याने सेल काढून वेगळे केले आणि नळी माझ्या हातात दिली. माझ्या टेबलाच्या खणात त्याला आठवीत दिलेला पॉइंटर आहे, तोही सेल काढलेला. त्याच्या शेजारी ती ठेवली.